वेगवेगळ्या लेखकांचे लेख, एकच वर्ड फाइल: अलाइनमेंट कशी आवरायची?

कोरापान

नमस्कार मंडळी,

एका लेखसंग्रहाचं संपादन सध्या माझ्याकडे आहे. बऱ्याच लेखकांनी आपापल्या सवयीप्रमाणे टाइप करून पाठवलेलं साहित्य एका वर्ड फाइलमध्ये आणलं आहे. काही लेख डावीकडून सरळ आहेत, काही दोन्ही बाजूंनी जस्टिफाय केलेले. कवितांची तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी: कुणी मधोमध केल्यात, कुणी स्पेस मारमारून ढकलल्यात. हे एकसारखं करायचं आहे, पण तीन ठिकाणी अडलंय.

पहिलं, एका लेखात एक परिच्छेद निवडून कंट्रोल+ई केलं की त्या लेखातले सगळेच परिच्छेद मधोमध जातात. दुसऱ्या लेखांत असं होत नाही.

दुसरं, काही शीर्षकं मधोमध केलेली असूनही किंचित उजवीकडे दिसतात. प्रिंट काढून पट्टीने मोजलं, खरोखरच ५-६ मिलिमीटर उजवीकडे आहेत.

तिसरं, जस्टिफाय केलेल्या लेखांत मधेच तीन-चार शब्दांची एखादी ओळ पानभर ताणली जाते. शब्दांमध्ये ही एवढी भगदाडं पडतात.

पुस्तक छापायचं आहे, शिवाय पीडीएफही वाचकांना पाठवायची आहे. सरळ कंट्रोल+ए करून सगळं एकदम जस्टिफाय करून टाकू का?

टंकवेडी

कंट्रोल+ए अजिबात नको! शीर्षकं, तक्त्यातले आकडे, फोटोखालच्या ओळी, लेखकांची नावं, सगळंच जस्टिफाय होईल आणि मग ते एकेक करून परत जागेवर आणत बसावं लागेल. आत्ता कुठला परिच्छेद मुद्दाम मधोमध केलाय हे निदान कळतंय, तेवढीही माहिती पुसली जाईल.

ओळंबा

टंकवेडी यांच्याशी सहमत. तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अलाइनमेंट ही शब्दाची किंवा ओळीची नसते, अख्ख्या परिच्छेदाची असते. वर्डमध्ये ती परिच्छेदाच्या शेवटी जी एंटरची खूण असते तिच्यात साठवलेली असते. एरवी ती खूण दिसत नाही. होम टॅबवरचं उलट्या 'पी'सारखं दिसणारं बटण दाबा, किंवा कंट्रोल+शिफ्ट+८. एंटर, टॅब, स्पेस सगळं पडद्यावर उघडं पडेल. (स्पेस ठिपक्यासारखी दिसते, टॅब बाणासारखा.) दुसऱ्याची फाइल हातात आली की मी सगळ्यात आधी हे बटण दाबतो आणि काम संपेपर्यंत चालूच ठेवतो. खुणा छपाईत येत नाहीत.

आता पहिली अडचण. त्या लेखाच्या परिच्छेदांना जी स्टाईल (फाँट, अलाइनमेंट, अंतरं यांचा नाव दिलेला ठरीव संच) लावली आहे तिच्यात 'ऑटोमॅटिकली अपडेट' ही खूण चालू आहे. ती चालू असली की तुम्ही एका परिच्छेदात केलेला बदल वर्ड थेट स्टाईलमध्ये नोंदवतं, आणि ती स्टाईल असलेले बाकीचे परिच्छेदही बदलतात. होम टॅबवर त्या स्टाईलच्या नावावर उजवं क्लिक, मॉडिफाय, खाली ती चौकट दिसेल. खूण काढा. 'नॉर्मल' या मूळ स्टाईलला ही सोय मिळतच नाही, म्हणजे त्या लेखकाने वेगळी स्टाईल वापरली आहे आणि मजकूर चिकटवताना ती तुमच्या फाइलमध्ये आली आहे. बाकी लेखांत असं होत नाही ते यामुळेच.

दुसरी अडचण मला फार आवडते, कारण ती डोळ्यांना जाणवते पण मेनूत कुठे दिसत नाही. मधोमध म्हणजे पानाच्या मधोमध नाही. त्या परिच्छेदाच्या डाव्या आणि उजव्या इंडेंटच्या मधोमध. (समासापासून मजकूर जितका आत घेतलेला असतो ते अंतर म्हणजे इंडेंट.) परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवण्यासाठी 'फर्स्ट लाइन इंडेंट' दिलेला असेल, तर शीर्षकाच्या ओळीलाही तो लागू होतो. वर्ड जिथे इंचात चालतं तिथे हा इंडेंट सहसा अर्धा इंच, म्हणजे १.२७ सेंटिमीटर असतो. ओळ सुरू होण्याची जागाच तेवढी आत गेली, की तिचा मध्य त्याच्या निम्म्याने उजवीकडे जातो. १.२७ चे निम्मे म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. तुमच्या पट्टीने बरोबर सांगितलं!

उपाय: शीर्षकात कर्सर ठेवा, पडद्यावरच्या वरच्या पट्टीवर (रूलरवर) डावीकडच्या दोन त्रिकोणांपैकी वरचा त्रिकोण पुढे गेलेला दिसेल. पण एकेका शीर्षकाचा त्रिकोण ओढत बसू नका. हेडिंगची स्टाईल बहुतेक वेळा 'नॉर्मल'वर आधारलेली असते, त्यामुळे नॉर्मलला दिलेला इंडेंट तिच्यात आपोआप उतरतो. हेडिंगच्या स्टाईलमध्ये मॉडिफाय, फॉरमॅट, पॅराग्राफ असं जा आणि 'स्पेशल'च्या खाली 'नन' निवडा. ती स्टाईल असलेली सगळी शीर्षकं एकदम सरळ होतील.

तिसरी अडचण शिफ्ट+एंटरची. लेखकाने परिच्छेद न संपवता ओळ तोडली आहे. खुणा चालू केल्यावर तिथे एंटरच्या खुणेऐवजी वळलेला बाण दिसेल. जस्टिफाय केलेल्या परिच्छेदाची शेवटची ओळ ताणली जात नाही, बाकी सगळ्या ताणल्या जातात. शिफ्ट+एंटरने तोडलेली ओळ वर्डच्या लेखी शेवटची नाही, म्हणून ती ताणते. कंट्रोल+एच उघडा, 'मोअर', मग 'स्पेशल' या बटणाखालून शोधायच्या चौकटीत 'मॅन्युअल लाइन ब्रेक' आणि बदलायच्या चौकटीत 'पॅराग्राफ मार्क' घ्या. फक्त 'रिप्लेस ऑल' करू नका, एकेक बघत पुढे जा. कवितांमध्ये आणि पत्त्यांमध्ये लेखकाने शिफ्ट+एंटर विचारपूर्वक वापरलेलं असू शकतं.

रेघोटी

शिफ्ट+एंटर ठेवायचंच असेल तर त्याच्या आधी एक टॅब मारायचा, ओळ ताणली जात नाही. एखाद-दुसऱ्या जागी झटपट उपाय म्हणून उत्तम.

वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'ॲडव्हान्स्ड'च्या अगदी तळाशी 'लेआउट ऑप्शन्स' आहेत, तिथेही शिफ्ट+रिटर्नने संपणारी ओळ ताणू नये अशी खूण आहे. ती त्या एका फाइलपुरती लागू करता येते.

कोरापान

ओळंबा, शतशः धन्यवाद! नॉर्मलला खरंच १.२७ इंडेंट होता. हेडिंगमधून काढल्याबरोबर सगळी शीर्षकं जागेवर आली. ऑटोमॅटिकली अपडेटही सापडलं.

आता मूळ प्रश्न: मुख्य मजकूर जस्टिफाय ठेवू की डावीकडून?

टंकवेडी

छापील पुस्तक असेल तर जस्टिफायच. पुस्तकाच्या पानाला दोन्ही कडा सरळ लागतात. समोरासमोरची दोन पानं उघडली की डाव्या पानाची उजवी कड करवतीसारखी दिसणं मला तरी सहन होत नाही. वाचकाच्या मनातही पुस्तकाचं हेच रूप असतं.

मात्रावेलांटी

मी डावीकडून या पक्षाची, आणि मराठीपुरतं तर अधिकच ठामपणे.

मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात. 'कार्यकर्त्यांबरोबरच', 'स्वातंत्र्यपूर्वकाळातल्या' असे शब्द कुठल्याही लेखात पावलोपावली भेटतात. असा एखादा शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही की अख्खा खाली जातो आणि उरलेली सगळी जागा वरच्या ओळीतल्या मोजक्या स्पेसमध्ये वाटली जाते. पान मोठं असेल तर खपून जातं. दोन स्तंभांत लावलं की प्रत्येक परिच्छेदात पांढरे ओघळ दिसायला लागतात. डोळा ओळीवरून घसरून त्या ओघळातून खाली जातो.

जागा भरायला अक्षरांमधलं अंतर वाढवावं तर देवनागरीत तीही सोय नाही, शिरोरेखा तुटते. रोमन लिपीत अक्षरं किंचित विरळ केलेली चालून जातात. आपल्याकडे शब्दाच्या डोक्यावरची रेघ तुटली की शब्दच मोडल्यासारखा दिसतो. म्हणून कंट्रोल+शिफ्ट+जे ने होणारं 'डिस्ट्रिब्यूट' मराठी मजकुराला लावूच नये.

आणि पीडीएफ वाचकांना पाठवायची म्हणता, तर हेही बघा. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या २००८ च्या २.० आवृत्तीतच १.४.८ क्रमांकाचा निकष आहे. मजकूर दोन्ही बाजूंनी जस्टिफाय केलेला नसावा आणि ओळ ८० अक्षरांपेक्षा लांब नसावी, असं तो सांगतो. हा सर्वांत वरच्या, एएए पातळीचा निकष आहे, म्हणजे सक्तीचा म्हणून फार ठिकाणी धरला जात नाही. पण कारण खरं आहे. ज्यांना वाचताना अक्षरं एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात, किंवा जे मजकूर खूप मोठा करून वाचतात, त्यांना असमान मोकळ्या जागांचा त्रास होतो. डावीकडून सरळ मजकुरात दोन शब्दांमधलं अंतर सगळीकडे एकच राहतं. वाचणाऱ्याला याहून मोठी मदत अलाइनमेंट करू शकत नाही.

टंकवेडी

स्तंभांचा मुद्दा मान्य. पण एका स्तंभाच्या पानावर, ओळीत दहा-बारा शब्द मावत असतील तर जस्टिफाय चांगलं दिसतं, यावर मी ठाम आहे. आणि मोठा शब्द मोडायची सोय आहे की! शब्दाच्या सांध्यावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि वजाचं चिन्ह एकत्र दाबायचं. याने 'ऑप्शनल हायफन' पडतो. ओळीच्या शेवटी गरज पडली तरच तो दिसतो, पुढे मजकूर हलला तर आपोआप लपतो. 'स्वातंत्र्यपूर्व' आणि 'काळातल्या' यांच्या मध्ये टाकला की वाचकालाही खटकत नाही. साधा हायफन मात्र टाकू नये, मजकूर सरकला की तो ओळीच्या मध्यात उघडा पडतो.

ओळंबा

दोघींचंही बरोबर आहे, आणि यात वर्डचीही एक बाजू आहे. वर्ड ओळी तोडताना एकेक ओळ भरत जातं. ही ओळ भरली, पुढची घ्या. टेक् या जुळणीप्रणालीसाठी डोनाल्ड नूथ आणि मायकेल प्लास यांनी जी पद्धत बसवली (त्यांचा लेख १९८१ चा आहे), ती अख्खा परिच्छेद एकदम बघते. चौथ्या ओळीत भगदाड पडणार असेल तर पहिल्याच ओळीत एक शब्द इकडेतिकडे करते. इनडिझाइन या पुस्तकजुळणीच्या प्रणालीतला परिच्छेद जुळवणाराही असाच पूर्ण परिच्छेद बघतो. म्हणून चांगल्या छापील पुस्तकातलं जस्टिफाय आणि वर्डमधलं जस्टिफाय एकसारखं दिसत नाही. त्यामुळे मुद्रक पुढे दुसऱ्या प्रणालीत जुळणी करणार असेल तर वर्डमध्ये जस्टिफायवर वेळ घालवायचा अर्थच नाही. तुम्ही स्टाईल नीट लावून द्या, बाकी ते बघतील. वर्डची फाइलच थेट छापायला जाणार असेल तर मी डावीकडून ठेवेन.

कोरापान

वर्डचीच फाइल छापायला जाणार आहे. मग डावीकडून. मात्रावेलांटी, तुमचा मुद्दा पटला. आता जे लेख जस्टिफाय होऊन आलेत तेवढेच पकडून बदलायचे, शीर्षकांना धक्का न लावता. कसं?

रेघोटी

कंट्रोल+एच. शोधायच्या चौकटीत काहीही लिहू नका, फक्त कर्सर ठेवा. मोअर, फॉरमॅट, पॅराग्राफ, तिथे अलाइनमेंट 'जस्टिफाइड'. मग बदलायच्या चौकटीत कर्सर ठेवून तसंच, पण 'लेफ्ट'. रिप्लेस ऑल. फक्त जस्टिफाय असलेले परिच्छेद डावीकडे जातील, मधोमध असलेले हलणार नाहीत. काम झाल्यावर दोन्ही चौकटींत 'नो फॉरमॅटिंग' करायला विसरू नका, नाहीतर पुढचा साधा शोधही जस्टिफाय मजकुरातच शोधत बसेल.

ओळंबा

हे झटपट होतं, पण याने प्रत्येक परिच्छेदावर हाताने केलेला बदल बसतो, स्टाईल तशीच राहते. पुढे कधी मन बदललं तर पुन्हा हेच करावं लागेल. पक्कं करायचं असेल तर लेखांच्या मजकुरासाठी एकच स्टाईल ठरवा, तिच्यात अलाइनमेंट 'लेफ्ट' द्या, सगळ्या मजकूर-परिच्छेदांना ती लावा, आणि मग ते निवडून कंट्रोल+क्यू दाबा. कंट्रोल+क्यू ने परिच्छेदावर हाताने केलेलं सगळं निघून जातं आणि स्टाईलमध्ये जे आहे तेवढंच उरतं. ठळक-तिरक्या अक्षरांना याने काही होत नाही.

आणि स्पेस मारून ढकललेलं जे आहे ते मुळापासून काढा. स्पेसची रुंदी प्रत्येक फाँटमध्ये वेगळी असते. फाइल दुसऱ्या मशिनवर उघडली आणि तिथे तो फाँट नसला की स्पेसने उजवीकडे नेलेली तारीख भलतीकडे दिसते, कधी दोन ओळींत तुटते. कंट्रोल+एच मध्ये दोन स्पेसच्या जागी एक स्पेस, शून्य सापडेपर्यंत पुन्हापुन्हा.

शाईदौत

वाचनखूण साठवली. एक शंका: एकाच ओळीत डावीकडे लेखकाचं नाव आणि उजवीकडे तारीख हवी असेल तर? कंट्रोल+आर केलं तर दोन्ही उजवीकडे जातं.

रेघोटी

अलाइनमेंट परिच्छेदाची असल्यामुळे तसंच होणार. तिथे उजवा टॅब लागतो. पट्टीच्या डाव्या टोकाला छोटी चौकट असते, तिच्यावर क्लिक करत राहिलं की टॅबचे प्रकार बदलतात: डावा, मधला, उजवा, दशांश. उजवा आला की पट्टीवर उजव्या समासाजवळ क्लिक करा आणि थोडं ओढून समासावर आणा. ओळ डावीकडूनच ठेवा. नाव, टॅब, तारीख. तारीख उजव्या कडेला टेकून बसेल आणि तिची लांबी बदलली तरी तिथेच राहील. गूगल डॉक्समध्ये पट्टीवर क्लिक केलं की 'ॲड राइट टॅब-स्टॉप' विचारतं.

तक्त्यात आकडे असतील तर दशांश टॅब फार कामाचा. १२.५ आणि १०४.७५ यांचे दशांशचिन्ह एकाखाली एक येतात. रकाना निवडून डावी अलाइनमेंट ठेवायची आणि दशांश टॅब लावायचा. तक्त्याच्या चौकटीत टॅब मारावाही लागत नाही, आकडे आपोआप जुळतात. आकडे मधोमध करण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, एकं-दहं-शतं एकाखाली एक येत नाहीत आणि लहानमोठा आकडा नजरेने ओळखता येत नाही.

पाटीपेन्सिल

मी लिबर ऑफिस वापरतो. हे सगळं तिथे लागू आहे का?

ओळंबा

बहुतेक सगळं. कंट्रोलबरोबर एल, ई, आर, जे या कळा रायटरमध्येही (लिबर ऑफिसमधला वर्डसारखा भाग) त्याच आहेत. गूगल डॉक्समध्ये त्यांच्याबरोबर शिफ्टही दाबावं लागतं, कारण नुसतं कंट्रोल+आर ब्राउझरमध्ये पान पुन्हा लोड करतं. रायटरमध्ये खुणा दिसण्यासाठी कंट्रोल+एफ१०, हाताने केलेलं पुसण्यासाठी कंट्रोल+एम (हे ठळक-तिरकंही पुसतं, जपून), स्टाईलचं दालन एफ११. शिफ्ट+एंटरची ओळ ताणली जाऊ नये याची खूण टूल्स, ऑप्शन्स, रायटर, कॉम्पॅटिबिलिटी इथे आहे. जस्टिफाय परिच्छेदाची शेवटची ओळ कशी ठेवायची हेही रायटर वेगळं विचारतं, ती सोय मला फार उपयोगाची वाटते.

कोरापान

आतलं मुखपृष्ठ राहिलं. संग्रहाचं नाव पानाच्या उभ्या मध्यावर हवं आहे. सध्या एंटर मारून खाली आणलंय.

टंकवेडी

एंटर काढून टाका. लेआउट टॅब, पेज सेटअपची चौकट, तिच्यातला लेआउट विभाग, 'व्हर्टिकल अलाइनमेंट': सेंटर. पण ही गोष्ट अख्ख्या सेक्शनला (फाइलच्या स्वतंत्र पानमांडणी असलेल्या भागाला) लागू होते, म्हणून त्या पानानंतर आधी 'नेक्स्ट पेज' प्रकारचा सेक्शन ब्रेक टाका. नाहीतर प्रत्येक लेखाचं शेवटचं अर्धं पानही मध्यावर येऊन थांबेल.

बांधणीसाठी गटर (बांधणीच्या कडेला सोडलेली जादा जागा) दिलं असेल तर मधोमध हे छापील मजकुराच्या जागेच्या मधोमध असतं, कागदाच्या नव्हे. मुखपृष्ठाच्या सेक्शनसाठी ते वेगळं तपासा.

कोरापान

झालं, सुंदर बसलं. आता फक्त कविता उरल्या. मधोमध ठेवाव्यात का?

मात्रावेलांटी

नको. मधोमध केली की प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते. कवितेत ओळीची सुरुवात हेच वाचकाचं आधाराचं ठिकाण, यमक शेवटी आणि चाल सुरुवातीला सापडते. कविता डावीकडून ठेवा आणि अख्ख्या कवितेला डावा इंडेंट द्या. सर्वांत लांब ओळ पानावर साधारण मध्यावर येईल इतका. कविता एकसंध दिसते आणि पानाच्या मधोमधही वाटते.

एक बारकावा. ओळंबांनी कवितेतलं शिफ्ट+एंटर जपायला सांगितलं, छोट्या ओळी असतील तर ते ठीकच. पण ओळी लांब असतील आणि एखादी पानाच्या रुंदीत न मावता खाली वळत असेल, तर वळलेला तुकडा थोडा आत गेलेला हवा. नाहीतर वाचकाला ती नवी ओळ वाटते आणि कवीने न केलेला थांबा तिथे पडतो. यासाठी 'हँगिंग इंडेंट' लागतो, आणि तो परिच्छेदाच्या पहिल्या ओळीखेरीज सगळ्यांना आत ढकलतो. कडवं शिफ्ट+एंटरने लिहिलं असेल तर दुसरी-तिसरी-चौथी ओळही आत जाते.

ओळंबा

हो, लांब ओळींच्या कवितेत प्रत्येक ओळीला स्वतंत्र एंटरच हवा. दोन स्टाईल करा: 'कविता ओळ', खाली अंतर शून्य, हँगिंग इंडेंट साधारण १ सेंटिमीटर, आणि तिच्यावर आधारलेली 'कडव्याची शेवटची ओळ', जिच्यात फक्त खालचं अंतर वाढवलेलं. दोन्हींना डावी अलाइनमेंट. कडव्यांमध्ये रिकामा एंटर टाकायची गरज उरत नाही.

कोरापान

एका कवितेत कवीने काही ओळी मुद्दाम आत घेतल्या आहेत, पायऱ्यांसारख्या. त्या स्पेसनेच केल्यात. दोन स्पेसची एक करताना त्या सपाट होतील ना?

मात्रावेलांटी

होतील. म्हणून स्पेस काढायच्या आधी त्या कवितेचा लेखकाकडून आलेला मूळ प्रिंट किंवा पीडीएफ शेजारी ठेवा. मग 'कविता ओळ'वर आधारून 'आत १' आणि 'आत २' अशा दोन स्टाईल करा, डावा इंडेंट टप्प्याटप्प्याने वाढवलेला, आणि ओळ बघून लावा. कुठली ओळ कितव्या पायरीवर आहे याबद्दल किंचितही शंका असेल तर कवीलाच विचारा, ते आपण ठरवायचं नसतं.